वन्य प्राण्यांची गणना : दिसलेले किती, असलेले किती?

दर वर्षी वैशाख पौर्णिमेच्या, म्हणजेच बुद्ध पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांच्या काठी मचाणांवर माणसे बसलेली असतात. वनरक्षक, निसर्गप्रेमी, शिक्षक, विद्यार्थी अशी ही मंडळी रात्रभर जागून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून आकडे झळकतात : इतके वाघ, इतकी अस्वले, इतके गवे. वाचणाऱ्याचा साहजिकच असा समज होतो, की त्या जंगलात तेवढेच प्राणी आहेत.

वस्तुतः हा आकडा त्या रात्री त्या पाणवठ्यांवर दिसलेल्या प्राण्यांचा असतो. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेले असेल, तर त्याची नोंद दोनदा झालेली असते. जे प्राणी त्या रात्री पाण्यावर फिरकलेच नाहीत, त्यांची नोंद कोठेच नसते. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून ठिकठिकाणी डबकी साचली, तर जंगलातील प्राणी तेवढेच राहूनही नोंद एकदम खाली येते. म्हणूनच आता आपल्या राज्यात पाणवठ्यावरील या उपक्रमाला ‘निसर्ग अनुभव’ असे म्हटले जाते. लोकांना जंगलाची ओळख व्हावी यासाठी तो फार मोलाचा आहे. परंतु संख्या ठरविण्याचे शास्त्र त्याहून वेगळे आहे. ते समजून घेणे अधिकाऱ्यांइतकेच शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांनाही उपयोगाचे आहे. कारण व्याघ्र प्रकल्पाची आखणी, गावांचे पुनर्वसन, पिकांच्या हानीवरील उपाय असे अनेक निर्णय याच आकड्यांचा आधार घेऊन होत असतात.

मूळ अडचण

माणसांची जनगणना करताना प्रगणक घरोघर जातो. वन्य प्राण्याला घर क्रमांक नसतो. तो दाट झाडीत दडतो, रात्री हिंडतो, आणि माणसाची चाहूल लागताच निघून जातो. त्यामुळे जंगलातील प्रत्येक प्राणी मोजणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. जे दिसले त्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून कोणत्याही गणना पद्धतीची पारख करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की नजरेतून सुटलेले प्राणी किती असतील, हे ही पद्धत कशाच्या आधारे सांगते? ज्या पद्धतीजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते, तिचा आकडा कितीही मोठा किंवा नेमका भासला तरी त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. आपल्या देशातील वाघांच्या गणनेचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

पाऊलखुणांचा काळ

ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी वाघांच्या पाऊलखुणांवरून गणना करण्याची पद्धत घालून दिली. वनरक्षकांनी जंगलवाटा, नदीनाल्यांचे काठ पायी फिरावयाचे, वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा स्वच्छ ठसा शोधावयाचा, त्यावर काच धरून त्याची रेखाकृती उतरावयाची आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचाही घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. नराचा ठसा साधारणतः चौरस आणि मादीचा लांबट असतो. ठशांची लांबी, रुंदी व बोटांची ठेवण ताडून किती वेगवेगळे वाघ आहेत हे ठरविले जाई. १९७२ मध्ये झालेल्या देशव्यापी प्रगणनेत १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाला आरंभ झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपल्या मेळघाटाचा समावेश होता.

ही पद्धत स्वस्त होती, तिला यंत्रे लागत नसत, आणि तिच्यामुळे हजारो वनरक्षक जंगल पायाखाली घालीत. हे तिचे गुण मान्य केलेच पाहिजेत. परंतु तिच्यात दोन मोठे दोष होते. पहिला असा, की एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत मोठा, तर कठीण जमिनीवर लहान उमटतो. चालण्याच्या गतीनेही तो बदलतो. आणि दोन माणसांनी एकाच ठशाची काढलेली रेखाकृतीही तंतोतंत सारखी येत नाही. त्यामुळे एका वाघाचे दोन वाघ किंवा दोन वाघांचा एक वाघ होणे सहज शक्य होते. दुसरा दोष अधिक गंभीर होता. जंगलातील प्रत्येक वाघाचा ठसा आपल्याला सापडलाच आहे, असे या पद्धतीत गृहीत धरले जात असे. सुटलेल्या वाघांचा हिशेब तिच्यात नव्हता.

सरिस्काचा धडा

या उणिवेची किंमत राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पाने मोजली. २००४ मध्ये अधिकृत नोंदींनुसार तेथे पंधराच्या वर वाघ होते. २००५ च्या आरंभी कसून शोध घेतला असता एकही वाघ उरलेला नाही, असे निष्पन्न झाले. चोरट्या शिकारीने जंगल रिकामे केले होते. कागदावर मात्र वाघ नांदत होते. धोक्याचा इशारा देणे हे ज्या आकड्याचे काम होते, त्यानेच सर्वांना निश्चिंत ठेवले.

या घटनेने देश हादरला. केंद्र शासनाने २००५ मध्ये सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्याने गणनेची नवी पद्धत अमलात आली. २००८ पासून रणथंभोर येथील वाघ सरिस्कात आणून सोडण्यात आले. गेलेले वाघ अशा रीतीने काही अंशी परत आणता आले, तरी वेळीच खरा आकडा हाती असता तर ही पाळी आली नसती, ही खंत उरतेच.

खूण करा, सोडा आणि पुन्हा पकडा

नव्या पद्धतीच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र जुने आणि अतिशय सोपे आहे. डेन्मार्कमधील मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांच्या अभ्यासासाठी आणि अमेरिकेतील लिंकन यांनी १९३० मध्ये रानबदकांच्या संख्येसाठी त्याचा उपयोग केला. शिक्षकांना ते वर्गात चिंचोक्यांच्या साहाय्याने दाखविता येईल.

एका मडक्यात न मोजता चिंचोके भरावेत. त्यांतले ४० काढून त्यांवर चुन्याची खूण करावी आणि ते परत मडक्यात टाकून चांगले कालवावेत. आता न पाहता ५० चिंचोके बाहेर काढावेत. समजा, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे काढलेल्यांपैकी एकपंचमांश खुणेचे आहेत. मग संपूर्ण मडक्यातही एकपंचमांशच खुणेचे असावेत, असे मानण्यास हरकत नाही. खुणेचे एकूण चिंचोके ४० असल्याने मडक्यातील सर्व चिंचोके सुमारे २०० असले पाहिजेत. ४० गुणिले ५० भागिले १० असा हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. मडके न ओतता, प्रत्येक चिंचोका न मोजता, आपण न दिसलेल्यांची संख्या काढली.

हाच प्रयोग पुन्हा केला तर खुणेचे १० ऐवजी ८ निघतील, आणि उत्तर २५० येईल; कधी १२ निघतील, आणि उत्तर १६७ येईल. यावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल, की असा अंदाज नेहमी एका मर्यादेत सांगावा लागतो. ‘२०० चिंचोके’ असे म्हणण्यापेक्षा ‘सुमारे २००, अमुकपेक्षा कमी नाहीत व तमुकपेक्षा अधिक नाहीत’ असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. तसेच चिंचोके नीट कालवले नाहीत आणि खुणेचे वरच राहिले, तर ते दुसऱ्या वेळी जास्त हाती येतील व अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघेल. उलट चुना पुसला गेला तर खुणेचे कमी दिसतील आणि अंदाज फुगेल. हिशेब कितीही अचूक असला तरी त्यामागची गृहीते मोडली की उत्तर चुकते, ही गोष्ट मुलांना या खेळातून जितकी चांगली समजेल तितकी व्याख्यानातून समजणार नाही.

पट्टे हीच खूण

वाघाला पकडून खूण करण्याची गरज नाही. निसर्गानेच ती केलेली आहे. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात. डॉ. उल्हास कारंत यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे या गोष्टीचा उपयोग केला. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे ट्रॅप कॅमेरे बसवावयाचे. दोन्ही कुशींवरील पट्टे वेगवेगळे असल्याने कॅमेऱ्यांची जोडी लागते. पहिल्यांदा टिपलेला वाघ हा ‘खूण केलेला’ वाघ. तोच पुन्हा टिपला गेला की तो ‘पुन्हा पकडलेला’ वाघ. यावरून न टिपल्या गेलेल्या वाघांचा अंदाज काढता येतो. बिबट्याच्या ठिपक्यांवरूनही असेच करता येते.

२००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ही पद्धत मध्यवर्ती आहे. प्रथम वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात ठराविक अंतर पायी चालून मांसभक्षक प्राण्यांचे ठसे, विष्ठा, ओरखडे यांची नोंद करतात. तृणभक्षी प्राणी, वनस्पती व माणसांचा वावर यांचीही पाहणी होते. त्यानंतर उपग्रहांच्या साहाय्याने वनाच्छादन, रस्ते, वस्त्या यांची माहिती जोडली जाते. मग निवडक क्षेत्रांत कॅमेरे लावले जातात. जेथे कॅमेरे पोचत नाहीत, तेथील संख्या खुणा व अधिवास यांच्या आधारे गणिताने काढतात. या शेवटच्या पायरीवर, म्हणजे खुणांवरून संख्या काढण्यावर, काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. मात्र कॅमेऱ्यांची व्याप्ती जसजशी वाढत आहे, तसतसे अशा अंदाजावर अवलंबून राहणे कमी होत आहे. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे टिपली, आणि त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. देशातील वाघांचा एकूण अंदाज २,९६७ इतका होता; म्हणजे शंभरातील सुमारे ८३ वाघांचे छायाचित्रच हाती होते.

पाऊलखुणांच्या पद्धतीने २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ सांगितले गेले होते, आणि २००६ च्या नव्या गणनेत सुंदरबन वगळून १,४११ वाघांचा अंदाज निघाला. यावरून चार वर्षांत दोन हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मोजण्याचे मापच बदलले होते. शेराने मोजलेले धान्य आणि किलोने मोजलेले धान्य यांची वजाबाकी करता येत नाही, तसेच हे आहे. २००६ नंतरच्या आकड्यांची तुलना मात्र बऱ्याच अंशी करता येते. त्यानुसार महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ असल्याचा अंदाज आहे. २०२२ मध्ये देशातील वाघांचा अंदाज ३,६८२ होता, आणि त्यासोबत ३,१६७ ते ३,९२५ ही मर्यादाही जाहीर करण्यात आली. हा आकडा सांगताना त्याची मर्यादाही सांगण्याची सवय आपण सर्वांनी लावून घेतली पाहिजे.

ज्यांच्या अंगावर खूण नाही

चितळाच्या कळपातील, सांबरांतील किंवा रानडुकरांतील एक प्राणी दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी सरळ रेषेवरील पाहणीची पद्धत वापरतात. जंगलात आखलेल्या सरळ वाटेने सकाळी शांतपणे चालावयाचे, आणि प्राणी दिसला की तो रेषेपासून किती दूर होता हे मोजून लिहावयाचे. रेषेच्या अगदी जवळचे प्राणी जवळजवळ सर्व दिसतात. जसजसे अंतर वाढते तसतसे अधिकाधिक प्राणी झाडीमुळे नजरेतून सुटतात. ही घट किती वेगाने होते, यावरून सुटलेल्यांचा हिशेब लागतो.

उदाहरणादाखल असे समजू, की सर्व फेऱ्या मिळून १०० किलोमीटर चालणे झाले, आणि नोंदींवरून असे ठरले की रेषेच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटरची पट्टी पूर्णपणे पाहिल्याइतके हे निरीक्षण आहे. म्हणजे १० चौरस किलोमीटर क्षेत्र पाहून झाले. चितळांचे ३० कळप दिसले आणि कळपात सरासरी ५ चितळ होते, तर दर चौरस किलोमीटरला १५ चितळ असा अंदाज निघतो. येथे अंतर डोळ्यांच्या अदमासाने न लिहिता मोजूनच लिहिणे किती आवश्यक आहे, हे सहज ध्यानात येईल. तृणभक्षी प्राण्यांची ही संख्या फार महत्त्वाची आहे. कारण जंगलात भक्ष्य किती आहे, यावरच तेथे किती वाघ राहू शकतील हे ठरते.

काही प्राणी मोजण्यापेक्षा त्यांच्या खुणा मोजणे सोयीचे असते. आपला राज्यप्राणी शेकरू झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधतो, म्हणून भीमाशंकरच्या जंगलात त्याची घरटी मोजली जातात. परंतु एक शेकरू अनेक घरटी बांधतो, ही गोष्ट विसरून घरट्यांइतके शेकरू मानले तर संख्या भलतीच फुगेल. हत्तींच्या बाबतीत लीद मोजतात. तेव्हा हत्ती दिवसातून किती वेळा लीद टाकतो आणि ती किती दिवस टिकते, हे माहीत असावे लागते. पावसात ती लवकर नाहीशी होते. अलीकडे लिदीतील पेशींच्या जनुकीय तपासणीवरून एकेक हत्ती ओळखता येतो. जलाशयांवर दर वर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत मोठ्या थव्यातील शंभर पक्षी आधी मोजून घेतात, तेवढा थवा नजरेत ठसवितात, आणि असे किती गट आहेत हे पाहतात.

थोडक्यात, प्राणी तशी पद्धत असते. कोणतीही पद्धत निवडली तरी ती दर वर्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत आणि त्याच रीतीने राबविली तर निदान संख्या वाढते आहे की घटते आहे, हे विश्वासाने सांगता येते. धोरण ठरविताना पुष्कळदा तेवढेच हवे असते.

गावाचा वाटा

गावात एका आठवड्यात तीनदा बिबट्या दिसला म्हणजे तीन बिबटे आले असे नव्हे. उसाच्या फडात राहणारा एकच बिबट्या तीन वस्त्यांवर दिसू शकतो. उलट कधीच दिसला नाही म्हणून तो नाहीच, असेही नव्हे. रोही आणि रानडुकरे यांच्याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार रास्त असते. पण ‘फार वाढले आहेत’ एवढ्या शब्दांपेक्षा कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, किती वाजता व किती प्राणी आले आणि किती पीक गेले, अशी वर्षभराची नोंद ग्रामपंचायतीजवळ असेल, तर त्या तक्रारीला वजन येते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही नोंदवही केवळ एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू राहू नये. शाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी तिला जिवंत ठेवू शकतील.

जंगलात बसविलेल्या ट्रॅप कॅमेऱ्याला कोणी हात लावू नये, हे गावात समजावून सांगणे अगत्याचे आहे. एक जोडी नाहीशी झाली की तेवढ्या क्षेत्राची माहिती कायमची जाते. त्याचबरोबर, मोहफुले, तेंदूपाने किंवा जळणासाठी जंगलात जाणाऱ्या स्त्री-पुरुषांचीही छायाचित्रे कॅमेऱ्यात येतात, हे वन कर्मचाऱ्यांनी विसरता कामा नये. कॅमेरे केव्हा, कोणत्या भागात आणि कशासाठी लागणार आहेत, हे ग्रामसभेत आधी सांगितले तर संशयाला जागा राहत नाही. वाघाचा ताजा ठसा दिसला तर त्यावर घमेले पालथे घालून ठेवावे व वनरक्षकाला कळवावे. एवढ्यानेही मोठी मदत होते.

शेवटी सर्व गणिताचा पाया म्हणजे नियतक्षेत्रात पायी फिरणाऱ्या वनरक्षकाची नोंद. दिवसभर चालून काहीच आढळले नाही, तर त्याने प्रपत्रात शून्य लिहिले पाहिजे, आणि ते शून्य पाहून वरिष्ठांनी त्याला दोष न देता त्याचे कारण शोधले पाहिजे. सरिस्कामध्ये हवे होते ते असेच वेळीच लिहिलेले आणि वेळीच वाचलेले एक शून्य. संख्या घटल्याचे प्रामाणिकपणे सांगता येईल असे वातावरण ज्या कार्यालयात असते, तेथील वाढीच्या आकड्यावरही लोक विश्वास ठेवतात. वन्य प्राणी स्वतःची दाद मागू शकत नाहीत; त्यांच्या वतीने बोलणारा हा आकडा खरा असावा, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.